डायलिसिस सांभाळून हॅम रेडिओ: परवाना, परीक्षा आणि गच्चीवरची तार

आठवड्यातले तीन दिवस ज्यांचे डायलिसिसच्या खुर्चीत जातात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मीही त्यातलीच. सोम-बुध-शुक्र, सकाळची पाळी, डाव्या हाताला फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला शस्त्रक्रियेने जोडून घेतलेली रक्तवाहिनी. राहते बडोद्यात, दांडिया बाजारात. नोकरी बँकेत केली, इलेक्ट्रॉनिक्स कधी शिकले नव्हते. तरीही आज माझ्याकडे हौशी रेडिओचा, म्हणजे घरच्या सेटवरून इतर हौशी लोकांशी (त्यांनाच हॅम म्हणतात) बिनतारी बोलण्याचा परवाना आहे आणि डायलिसिस नसलेल्या दिवशी सकाळी मी सेटसमोर असते. तुमचा आजार वेगळा असला, संधिवात, दमा, हृदयाचं दुखणं, तरी यातलं बरंचसं तुम्हाला लागू पडेल.

हा छंद बहुतांशी बसून आणि कानाने करायचा आहे. पण तो शिकवणारी माणसं धडधाकट असतात. ती सहज सांगून जातात, गच्चीवर चढा, बॅटरी उचला, रात्री दोन वाजता बँड उघडतो, म्हणजे त्या लहरींच्या पट्ट्यावर लांबची स्टेशनं येऊ लागतात, तेव्हा बसा. त्यांचं चुकत नाही, फक्त ते आपल्यासाठी नाही. आपण प्रत्येक गोष्ट आपल्या शरीराच्या वेळापत्रकाला विचारून ठरवायची: अभ्यास कधी, परीक्षा कोणत्या वारी, सेट किती वजनाचा, तार कोण चढवणार. एवढं पहिल्या दिवशीच ठरवलंत तर पुढे अडत नाही.

खुर्चीतले चार तास

सुरुवात ऐकण्याने करा. हौशी बँड ऐकायला परीक्षा द्यावी लागत नाही. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर, म्हणजे इंटरनेटवरून ऐकायचा रेडिओ, मोबाईलच्या ब्राउझरमध्ये उघडतो. तिथल्या अँटेनावर जे येतं ते आपल्याला इथे ऐकू येतं, आणि ट्यूनिंग आपल्या बोटाने करता येतं. डावा हात सुयांना जोडलेला, उजवा मोकळा, मोबाईल स्टँडला लावलेला. याहून जास्त सामान लागत नाही. १० मेगाहर्ट्‌झच्या खाली आवाज ऐकायचा असेल तर एलएसबी हा मोड निवडा, वर यूएसबी. चुकीचं निवडलं तर माणूस नाक दाबून बोलतो आहे असं वाटतं. मोड बदलला की आवाज सरळ होतो.

इयरफोन एकाच कानात घाला, यात तडजोड नको. यंत्राचा अलार्म, तंत्रज्ञाची हाक, आपल्या शेजारच्या पेशंटचा आवाज, हे सगळं दुसऱ्या कानाला कळलं पाहिजे. आमच्या सेंटरवरचा तंत्रज्ञ मुलगा सुरुवातीला येऊन विचारायचा, "बेन, शुं सांभळो छो?" (ताई, काय ऐकताय?) मी त्याला एकदा इयरफोन दिला. तेव्हापासून तो माझा स्टँड स्वतःच लावून देतो.

ऐकता ऐकता भाषा बसते. क्यूटीएच म्हणजे ठिकाण, क्यूएसबी म्हणजे सिग्नल खालीवर होणं, क्यूआरएम म्हणजे दुसऱ्या स्टेशनचा अडथळा, ७३ म्हणजे शुभेच्छा. ए, बी, सी ही अक्षरं स्पष्ट कळावीत म्हणून वापरायचे आल्फा, ब्राव्हो, चार्ली हे शब्द पाठ करायला बसू नका. वॉर्डातल्या फलकावरची नावं मनात त्याच शब्दांनी अक्षर-अक्षर वाचत गेलात की तोंडात बसतात.

एक बंधन आधीच सांगते. परवाना मिळाल्यावरही हातातला ट्रान्समीटर डायलिसिस युनिटमध्ये, आयसीयूत किंवा यंत्रांच्या आसपास चालू करायचा नाही. छोटा हँडहेल्डही पाच वॅटपर्यंत ताकद देतो, मोबाईलपेक्षा कितीतरी जास्त. शेजारच्या माणसाचं रक्त ज्या यंत्रातून फिरतं आहे, त्याच्या जवळ हे करून बघायची गोष्ट नव्हे. रुग्णालयात फक्त कान.

परीक्षा

परवाना देते ती केंद्राच्या दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी (वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन) शाखा. अर्ज 'सरल संचार' नावाच्या पोर्टलवर भरायचा. परीक्षा त्यांची मॉनिटरिंग स्टेशनं घेतात. बडोदेकरांना सोयीचं अहमदाबाद. वयाची किमान अट १२ वर्षं, आणि अर्जात तब्येतीचा दाखला कोणी मागत नाही. माझ्या वेळी परीक्षेचं शुल्क १०० रुपये होतं, २० वर्षांच्या परवान्याचं १००० आणि आजीवन परवान्याचं २०००. आजीवन म्हणजे वयाच्या ऐंशीपर्यंत. मी आजीवन भरलं, आणि ते भरताना मला फार बरं वाटलं. भरण्यापूर्वी पोर्टलवरचा त्या दिवशीचा आकडा बघून घ्या.

परीक्षेच्या दोन पायऱ्या आहेत. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स, म्हणजे डॉट-डॅशची सांकेतिक लिपी, नाही. रेडिओचं तंत्र आणि नियम या दोन भागांची मिळून १०० गुणांची एक परीक्षा, प्रत्येक भागात ४० टक्के आणि एकूण ५०. जनरल ग्रेडला अपेक्षा थोडी जास्त, प्रत्येकी ५० आणि एकूण ५५ टक्के, शिवाय मिनिटाला ८ शब्दांच्या वेगाने मोर्स घेणं आणि पाठवणं. रिस्ट्रिक्टेडवाल्यांची कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं ओळखनाव, व्हीयू ३ ने सुरू होते, जनरलवाल्यांची व्हीयू २ ने. राजीव गांधींची व्हीयू २ आरजी होती, हे जुने हॅम अजून अभिमानाने सांगतात.

तंत्राचा भाग बघून घाबरायचं कारण नाही. ओहमचा नियम, कंपनसंख्या आणि तरंगलांबी, रेझोनन्स, मॉड्युलेशनचे प्रकार, सुपरहेटेरोडाइन रिसीव्हरची ठोकळ्यांची आकृती, एसडब्ल्यूआर म्हणजे काय, एवढं नीट समजलं की गाडी चालते. गणित कुठे लागतं ते एका उदाहरणाने दाखवते, कारण हेच उदाहरण पुढे गच्चीवरही लागणार आहे. तरंगलांबी काढायची तर ३०० ला मेगाहर्ट्‌झने भागा. ७.१ मेगाहर्ट्‌झला ३०० भागिले ७.१, साधारण ४२ मीटर. म्हणूनच त्या पट्ट्याला ४० मीटर बँड म्हणतात. डायपोल अँटेना याच्या निम्म्या लांबीची, म्हणजे २१ मीटर. तारेच्या टोकांच्या परिणामामुळे पाच टक्के कमी धरा, उरली २० मीटर. मधोमध कापून केबल जोडली की दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर. बँकेत व्याज काढणाऱ्या माणसाला हे जड नाही, आणि तुम्हालाही नाही.

नियमांच्या भागात पाठांतर आहे. भारत आयटीयूच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या, तिसऱ्या विभागात येतो. कोणते बँड आपल्याला मोकळे, कॉलसाइन कधी सांगायची, लॉग, म्हणजे झालेल्या संपर्कांची नोंद, कसा ठेवायचा, संकटाचा मेडे संदेश ऐकला तर काय करायचं. रेडिओवरून धंदा नाही, जाहिरात नाही, गाणी लावायची नाहीत. हा अभ्यास खुर्चीत छान होतो. पण पहिल्या दोन तासांतच करा. शेवटच्या तासात रक्तदाब उतरायला लागला की वाचलेलं टिकत नाही. तेव्हा पुस्तक मिटा आणि नुसतं ऐका.

परीक्षेचा वार निवडता आला तर डायलिसिसच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ घ्या. अंगातलं पाणी निघालेलं असतं, डोकं स्वच्छ असतं, रात्रीची झोप झालेली असते. डायलिसिसच्या दोन दिवसांच्या खंडानंतरचा दिवस, म्हणजे माझ्यासारख्यांचा सोमवार, टाळा. अहमदाबाद शंभर-सव्वाशे किलोमीटर, एक्सप्रेसवेने दोन तासांचं काम. पण आपण खाण्यापिण्यावर बांधलेले. घरून डबा न्या, पाण्याची मोजून भरलेली छोटी बाटली न्या. वाटेत शेव-उसळ आणि लीलो चिवडो दिसतो, तो परत येताना घरच्यांना घेऊन द्या. मीठ पोटात गेलं की तहान लागते आणि तहान आपल्याला परवडत नाही. नारळपाणी आणि केळं तर नकोच, पोटॅशियम. डॉक्टरांची एक चिठ्ठी जवळ ठेवा, त्यात आजार, औषधं, रक्तगट आणि फिस्टुला कोणत्या हाताला हे लिहिलेलं असावं. वाटेत कुणी रक्तदाब मोजायला तोच हात पुढे ओढला तर ती चिठ्ठी उपयोगी येते.

उत्तीर्ण झाल्याचं प्रमाणपत्र आणि परवाना या दोन वेगळ्या गोष्टी. प्रमाणपत्रावर बोलता येत नाही, परवान्याचा अर्ज वेगळा करावा लागतो. तो हातात येईपर्यंत ट्रान्समीटर विकत घेऊ नका. परवान्याशिवाय तो बाळगणं कायद्यात बसत नाही. ऑनलाइन बाजारात स्वस्त चिनी हँडहेल्ड दिसतात, तेही याला अपवाद नाहीत.

मोर्स कशासाठी

बरेच लोक रिस्ट्रिक्टेडवर थांबतात आणि त्यात काहीच कमी नाही. पण डायलिसिसवाल्यांनी मोर्सचा विचार जरूर करावा, आणि त्याचं कारण घसा. दिवसभराचं पाणी मोजलेलं असतं. अर्धा तास "सीक्यू, सीक्यू" (कुणीही उत्तर द्या, अशी हाक) म्हणत राहिलं की तोंड कोरडं पडतं, आणि समोर भांडं असूनही पिता येत नाही. मोर्समध्ये तोंड उघडावंच लागत नाही. शिवाय तेवढ्याच ताकदीत तो आवाजापेक्षा लांब पोचतो, कारण त्याला लागणारा पट्टा अगदी अरुंद असतो. पाच वॅटमध्ये समुद्रापलीकडचं स्टेशन मिळतं, आणि पाच वॅटचा सेट हातात मावतो.

शिकायचं ते कोखच्या पद्धतीने. पहिल्या दिवसापासून अक्षर पूर्ण वेगाने ऐकायचं, पण फक्त दोन अक्षरं, के आणि एम. दहातली नऊ बरोबर यायला लागली की तिसरं. डॅश-डॉट कागदावर मोजून पाठ करू नका. मोजायची सवय लागली की वेग वाढताना तीच आडवी येते. एलसीडब्ल्यूओ नावाच्या संकेतस्थळावर हे फुकट शिकता येतं. डावा हात अडकलेला असताना उजव्या हाताने वहीत अक्षरं उतरवायची, मला तर वाटतं या सरावासाठी याहून निवांत जागा नाही.

पाठवण्यासाठी जुन्या पद्धतीची वरून दाबायची कळ मनगट दमवते. डायलिसिसनंतर बोटांत वांब येतात, तेव्हा ती नकोच. दोन पट्ट्यांचं पॅडल आणि इलेक्ट्रॉनिक कीअर घ्या. अंगठ्याने एका बाजूला हलकं दाबलं की डॉट, तर्जनीने दुसरीकडून दाबलं की डॅश, अंतरं कीअर सांभाळतो. पट्ट्यांमधली फट स्क्रूने कागदाच्या जाडीइतकी करून घ्या, म्हणजे बोट हलवायला जवळपास जोरच लागत नाही. समोरचा वेगाने आला तर क्यूआरएस पाठवा, म्हणजे "हळू पाठवा". शिष्टाचारात बसतं, समोरचा लगेच वेग कमी करतो.

बोटंही चालत नसतील तर संगणक आहे. जो टेलर या नोबेलविजेत्या खगोलशास्त्रज्ञाने स्टीव्ह फ्रँकेबरोबर २०१७ मध्ये एफटी ८ ही डिजिटल पद्धत आणली. पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळ्या, संदेश संगणक पाठवतो, तुम्ही माउस दाबायचा. संगणकाचं घड्याळ मात्र अचूक हवं. आवाजातच बोलायचं असेल तर व्हॉक्स, म्हणजे बोलायला लागलं की सेट आपोआप पाठवू लागण्याची सोय, चालू करा किंवा पायाचा स्विच जोडा, म्हणजे माइकचं बटण दाबून धरावं लागत नाही.

घरचं स्टेशन

फिस्टुलाच्या हाताने वजन उचलायचं नाही, हा नियम सेट घेताना विसरू नका. टेबलावर चार-साडेचार किलोचा सेट एकदा कुणाकडून ठेवून घेतला की प्रश्न मिटला. बॅटरी जुन्या लेड-अ‍ॅसिडची घेऊ नका. २० अँपियर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी अडीच-तीन किलोत येते आणि एका हाताने सरकते. खर्च कमी ठेवायचा असेल तर अशहर फरहान यांनी तयार केलेला बिटएक्स हा आपल्या देशात जन्मलेला सेट आहे, जगभरच्या हॅमनी तो बांधला आहे. सोल्डरिंग स्वतः करायची हौस असेल तर डायलिसिसच्या दिवशी नको. रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन दिलेलं असतं, त्या दिवशी साधी कापलेली जखमही लवकर थांबत नाही. ड्रिल, पक्कड, शिडी, सगळं दुसऱ्या दिवशी.

अँटेना मात्र दुसऱ्याकडून चढवून घ्या. गच्चीवर एक आठ-नऊ मीटरचा पाइप, त्याच्या टोकाला कप्पी, कप्पीतून नायलॉनची दोरी. डायपोलचा मध्य या दोरीला बांधायचा आणि दोन्ही तारा उतरत्या बाजूंना, उलट्या व्हीसारख्या. तार साधी, घरच्या वायरिंगचीच चालते. विजेच्या तारांपासून पाइप पडला तरी पोचणार नाही एवढं अंतर. कप्पी लावायची ती आपल्यासाठीच. एकदा बसवली की पुढे तार खाली घ्यायला दोरी सोडायची एवढंच काम, ते एका हाताने होतं.

आणि बडोद्यात तार खाली घ्यावीच लागते. उत्तरायणाला आभाळ पतंगांनी भरलेलं असतं, आजूबाजूच्या प्रत्येक अगाशीवर पोरं. मांजा तारेत अडकला की ओढाताण होते, तार तुटते, आणि ट्रान्समिट चालू असताना डायपोलच्या टोकाला कुणाचा हात लागला तर भाजू शकतं. मी १२ जानेवारीलाच दोरी सोडते आणि वासी उत्तरायण, म्हणजे उत्तरायणाचा दुसरा दिवस, उलटल्यावर, गच्चीवरचे तुटके पतंग झाडून, पुन्हा चढवायला सांगते. पक्ष्यांसाठीही ते बरं. पावसाळ्यात ढग दिसले की केबल सेटपासून काढून खिडकीबाहेर ठेवायची, हे घरातल्या प्रत्येकाला शिकवा. आमच्याकडे ह्यांना रेडिओत रस नाही, पण केबल काढायला ते माझ्याआधी उठतात.

पेसमेकर किंवा हृदयातलं कुठलंही यंत्र असेल तर सेट घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. नुसतं "रेडिओ चालेल का" असं विचारू नका. किती वॅट, कोणता बँड, अँटेना बसायच्या जागेपासून किती मीटरवर, हे कागदावर लिहून न्या. यंत्राच्या पुस्तिकेत अंतरं दिलेली असतात, ती वाचा. खोलीत ठेवायच्या छोट्या लूप अँटेना अशा माणसांनी टाळाव्यात, अँटेना बाहेरच हवी. घरच्या रक्तदाबाच्या यंत्राचा आकडाही ट्रान्समिट चालू असताना घेऊ नका.

बोलायचं कधी

४० मीटर बँडवर दिवसा काहीशे किलोमीटरपर्यंतची स्टेशनं छान येतात. अंधार पडला की आयनांबरातला, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागातला, खालचा डी थर विरतो आणि लांबची येऊ लागतात. बडोद्याहून सकाळी इंदूर, पुणे, नागपूर मिळतं, मराठीत गप्पा होतात. २० मीटर बँड दिवसा परदेशासाठी. रात्रीच्या जागरणाने लांबची स्टेशनं मिळतात खरी, पण आपल्याला दुसऱ्या दिवशीचा रक्तदाब जास्त महत्त्वाचा. मी मंगळवार, गुरुवार, शनिवारची सकाळ धरते. डायलिसिसच्या दिवशी दुपारी झोप, संध्याकाळी वाटलं तर फक्त ऐकणं. थकवा आला की क्यूआरटी, म्हणजे "मी थांबते", पाठवून सेट बंद करा, स्पष्टीकरण देत बसू नका.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली, तेव्हा आमच्याकडची वीज गेली, मोबाईल कधी लागायचा कधी नाही. बुधवारची पाळी चुकणार हे उघड होतं. नदीपलीकडे राहणाऱ्या एका हॅम मित्राशी २ मीटर बँडवर थेट बोलणं होत होतं. कोणता पूल बंद, कोणत्या रस्त्यावरचं पाणी उतरलं, ते मला त्याच्याकडून कळत गेलं आणि मी ते इमारतीतल्या इतरांना सांगत गेले. भूजच्या २००१ च्या भूकंपात गुजरातच्या हॅमनी हेच काम फार मोठ्या प्रमाणावर केलं होतं. म्हणून सेटशेजारी एक कागद चिकटवून ठेवा: डायलिसिस सेंटरचा फोन, जवळचं दुसरं सेंटर, औषधांची यादी, रक्तगट, कोरडं वजन (अंगातलं जादा पाणी काढल्यावरचं). आपण बोलू शकलो नाही तर घरातल्याने तो वाचून दाखवायचा. पाळी चुकली तर पाणी आणि फळं किती कमी करायची, हेही आहारतज्ज्ञांकडून आधीच लिहून घ्या. पुरात ते विचारायला कुणी सापडत नाही.

अधूनमधून रुग्णालयात भरती व्हावं लागतं, तेव्हा महिना-दोन महिने स्टेशन बंद राहतं. भरती होण्याआधी नेहमीच्या नेटवर, म्हणजे ठरल्या वेळी रेडिओवर भेटणाऱ्या गटाला, सांगून ठेवा, लोक वाट बघतात. बॅटरी अर्धी चार्ज करून सुटी करा, केबल काढा, दोरी सोडून तार खाली घ्या. परत आल्यावर पहिले काही दिवस नुसतं ऐका, मग ओळखीच्या स्टेशनला कमी ताकदीत हाक द्या. लॉगच्या वहीत मधली पानं कोरी सोडायची गरज नाही, जिथे थांबला होता त्याच्या पुढच्या ओळीवर तारीख घाला.